रोज एक लेखनविषय: व्हॉट्सअ‍ॅपवरील एका सेवेविषयी

रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर लेखनासाठी एक विषय पाठवणाऱ्या एका मराठी सेवेची मी गेले काही महिने वर्गणीदार आहे. तिचे नाव येथे देत नाही, कारण पुढे आलेले गुणदोष कमीअधिक प्रमाणात अशा बहुतेक सेवांना लागू पडतील. व्यवहार साधा आहे. सकाळी एक-दोन वाक्यांचा प्रॉम्प्ट येतो, त्यावर पंधरा मिनिटे लिहायचे आणि वाटल्यास ते गटात टाकायचे. महिन्याची वर्गणी एखाद्या दिवाळी अंकाच्या किमतीहून कमी असल्यामुळे पैशांबाबत तक्रार नाही.

लिहायला बसल्यावर सर्वाधिक वेळ जातो तो कशावर लिहावे हे ठरवण्यात. तो निर्णय दुसऱ्या कोणी घेतला की हाती असलेली पंधरा मिनिटे लिहिण्यालाच मिळतात, आणि कल्याण किंवा विरार गाडीत बसायला जागा मिळाली तरच ज्यांना वही उघडता येते, त्यांच्या दृष्टीने ही सोय लहान नाही. मात्र विषय मिळाला म्हणजे काही सुचतेच असे नव्हे. या सेवेचे चांगले आणि वाईट दिवस पाहता माझे मत असे झाले आहे की, प्रॉम्प्ट जितका अडवणूक करणारा, तितका तो उपयोगी.

‘पाऊस’, ‘आईचा स्वयंपाक’, ‘मी पक्षी असते तर’ असे विषय आले की हात शाळेच्या वळणावर जातो. ज्यांनी दहावीपर्यंत ‘पावसाळ्यातील एक दिवस’ आणि ‘फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त’ गिरवले आहे, त्यांच्या लेखणीतून अशा विषयावर पहिले वाक्य आपोआप उतरते, आणि ते आपोआप उतरते हीच अडचण आहे. त्याहून निरुपयोगी म्हणजे परभाषेतून उचललेले प्रॉम्प्ट. पहिला बर्फ पडला ती सकाळ, किंवा परसात पुरून ठेवलेली पेटी, यांवर वन रूम किचनमध्ये राहणाऱ्या माणसाने काय लिहावे?

याउलट एके दिवशी आलेला प्रॉम्प्ट असा होता: जलद गाडी दादरहून ठाण्याला पोहोचेपर्यंत समोरच्या प्रवाशाच्या फक्त हातांचे वर्णन करा, चेहरा, वय, कपडे यांचा उल्लेख नको. महिलांच्या डब्यात संध्याकाळी मेथी निवडणारे, मटार सोलणारे, पिशवीतले सुटे पैसे मोजणारे हात आपण रोज पाहतो, पण चेहऱ्याची वाट बंद झाल्यावरच अंगठ्याच्या नखात अडकलेली हिरवी रेषा किंवा बांगडी मागे सारण्याची सवय कागदावर येते. दुसरा प्रॉम्प्ट चाळीतल्या सामायिक नळावरच्या भांडणाचा होता आणि भांडणाऱ्यांचे एकही वाक्य द्यायचे नाही अशी अट होती. संवाद काढून घेतल्यामुळे हंड्याची जागा, रांगेतल्या बघ्यांच्या माना आणि पाणी जाण्याची वेळ यांनाच भांडण सांगावे लागले. शनिवारी भाषेचीच अट असते: जोडाक्षर न वापरता आठ ओळी लिहा. मराठीत ‘आणि’ चालतो पण ‘म्हणून’, ‘त्याने’, ‘माझ्या’ हे सगळे बाद होतात, त्यामुळे वाक्याची नेहमीची बांधणीच मोडावी लागते.

यात नवे काही नाही. एक चरण देऊन उरलेले रचायला लावणारी समस्यापूर्ती संस्कृत परंपरेत होतीच, आणि कलगी-तुऱ्याच्या फडात समोरच्या शाहिराने टाकलेल्या सवालाला कवनातच जवाब द्यावा लागे. पॅरिसमध्ये १९६० साली सुरू झालेल्या उलिपो या लेखकगटाने तर अट हेच निर्मितीचे साधन मानले, आणि त्या गटातील जॉर्ज पेरेक यांनी फ्रेंचमध्ये सर्वाधिक वापरले जाणारे अक्षर पूर्णपणे टाळून लिहिलेली कादंबरी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. सेवा चालवणाऱ्यांना ही परंपरा ठाऊक असावी, कारण त्यांचे शनिवारचे विषय कधी वाया जात नाहीत. सोमवार ते शुक्रवार मात्र तीच दक्षता का नसते, हे कोडे आहे.

गटाबद्दल थोडक्यात सांगते. तेथे प्रत्येक मजकुरावर ‘खूप छान’ आणि हात जोडलेली चित्रे येतात, त्यापलीकडे वाचन होत नाही. सलग किती दिवस लिहिले याची साखळी नावापुढे दाखवली जाते, आणि ती तुटू नये म्हणून लोक रात्री पावणेबाराला चार ओळी टाकून मोकळे होतात. सर्वांत मोठी उणीव पुनर्लेखनाची आहे. सेवा रोज नवे मागते, जुन्याकडे परत जायला कधीच सांगत नाही. महिन्यातून एक दिवस आपलाच जुना मजकूर निम्म्या शब्दांत पुन्हा लिहा, एवढा प्रॉम्प्ट जरी ठेवला असता तरी वहीत साचलेल्या कच्च्या तुकड्यांतून एखादी कथा उभी राहिली असती. सध्या हे काम मी महिन्याच्या शेवटच्या रविवारी स्वतःच करते.

नव्याने लिहू लागलेल्यांनी आणि लिहिणे थांबलेल्यांनी ही सेवा जरूर घ्यावी; ज्यांच्या हाती कथा किंवा कादंबरी अर्धी आहे त्यांनी टाळावी, कारण रोजचा नवा विषय त्या कामातला वेळ खातो. वर्षाची वर्गणी एकदम भरल्यास सवलत मिळते, पण काही महिन्यांनी जुनेच विषय किरकोळ बदल करून परत येऊ लागतात, त्यामुळे महिन्याची वर्गणी भरणेच बरे.