आईच्या गाठीची जीन टेस्ट: लॅबला तीन स्टार, काउन्सेलर बाईंना पाच

पाळी जाऊन नऊ वर्षं झाल्यावर आईला परत डाग दिसायला लागले, तपासण्या झाल्या आणि पिशवी काढावी लागली, अस्तराचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले नुसत्या स्टेजवर आता भागत नाही, गाठीचा मॉलिक्युलर प्रकारही, म्हणजे जीनमधल्या बिघाडावरून ठरणारा, बघू. म्हणून ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा, या लॅबला दिला.

१२ दिवस सांगून रिपोर्ट आला २३व्या दिवशी, मधे कधीही फोन करा, "प्रोसेसमध्ये आहे मॅडम" एवढंच. नऊ पानं, त्यातली निम्मी त्यांच्याच इतर टेस्टच्या जाहिराती. आणि चौथ्या पानावर 'एमएलएच१, पीएमएस२ लॉस', म्हणजे डीएनए दुरुस्त करणारी ही दोन प्रथिनं गाठीत दिसत नाहीत, खाली ठळक अक्षरात लिंच सिंड्रोमची शक्यता. झालं! लिंच म्हणजे आनुवंशिक, मुलांमध्ये उतरायचा चान्स ५० टक्के, वर आतड्याच्या कॅन्सरचीही भीती. ताई नि मी रात्रभर फोनवर.

पैसे वसूल झाले ते काउन्सेलिंगला. बाईंनी कागदावर चार चौकोन काढले, २०१३ च्या एका मोठ्या अभ्यासापासून या कॅन्सरचे असे चार गट मानतात म्हणे. पी५३ नावाचा जीन बिघडलेला गट सगळ्यात वाईट. पोल जीनवाल्यात हजारो म्युटेशन, म्हणजे डीएनएतले बदल, असतात तरी पेशंट सगळ्यात चांगले राहतात, मला हे उलटंच वाटलं, तर म्हणाल्या गाठ इतकी परकी दिसते की शरीराची फौज तिला लगेच ओळखते, असं मानतात. आईचा गट डीएनएची दुरुस्ती बंद पडलेला. चौथा म्हणजे यातलं काहीच न सापडलेला.

मग खरा मुद्दा. एमएलएच१ गेलं की पीएमएस२ एकटं टिकत नाही, म्हणून दोन्ही गायब दिसतात. आणि बऱ्याचदा एमएलएच१ जीन धड असतं, फक्त गाठीत त्याला कुलूप लागलेलं असतं, त्याला मिथायलेशन म्हणतात. ती टेस्ट त्याच ब्लॉकवर होते. केली, पॉझिटिव्ह आली, म्हणजे बिघाड बहुतेक गाठीपुरताच आणि लिंच असण्याची शक्यता फारच कमी. आयुष्यात पहिल्यांदा पॉझिटिव्ह रिपोर्टचे पेढे वाटले!

आता मला सांगा, 'आधी मिथायलेशन बघा' ही एक ओळ त्या ठळक अक्षरांखाली टाकायला काय जात होतं? टेस्ट यांच्याच यादीत आहे, वेगळे पैसे घेऊन करतात.

आणि हो, काम झालं की ब्लॉक आठवणीने परत मागा. आम्हाला त्यासाठी दोन चकरा पडल्या.