रूपकुंडच्या नावाखाली 92,100 रुपये गेले. पहिल्या मोठ्या ट्रेकला निघणाऱ्यांनी वाचा

92,100 रुपये. आकडा आधीच लिहून टाकतो, कारण तीन महिने मी तो घरातसुद्धा खरा सांगितला नव्हता. बायकोला चाळीस हजार म्हणालो होतो.

रूपकुंड म्हणजे उत्तराखंडातलं डोंगरात उंचावरचं तळं. तिथला ट्रेक घडवतो म्हणणाऱ्या एका आयोजकाने आम्हाला फसवलं. आम्ही चौघे होतो. मी, माझा पुतण्या आणि ऑफिसातले दोघे. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड सगळं झालेलं, पण ते एका मुक्कामाचं. पाठीवर सामान घेऊन सहा दिवस डोंगरात राहण्याची ही पहिलीच वेळ. म्हणून तयारी मनापासून केली. मे महिन्यापासून सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून इमारतीचे सात मजले चढत-उतरत होतो. आधी पाच किलो, मग आठ, मग अकरा. बूट आधीच घेऊन रोज घालून पायाला बसवले. हे सांगतोय कारण नंतर पोलीस ठाण्यात मला ऐकवलं गेलं की, "तुम्ही हौशी लोक काही न बघता निघता." मी बघितलं होतं. सोसायटीचे हिशेब अकरा वर्षं माझ्याकडे आहेत आणि पावतीशिवाय मी शंभराची नोट हलू देत नाही.

पैसे कसे गेले ते तारखांसकट लिहितो. 6 ऑगस्ट 2024 ला माणशी 14,500 प्रमाणे चौघांच्या 58,000 पैकी निम्मे, म्हणजे 29,000. त्याच आठवड्यात चार सॅकचे 15,600. 9 सप्टेंबरला भाड्याच्या स्लीपिंग बॅग, काठ्या आणि जॅकेटचे 11,000, आणि परमिट व विम्याचे म्हणून 7,400. 20 सप्टेंबरला 'आज भरलेत तर दहा टक्के सूट' म्हणून उरलेले 26,100. आणि निघाल्यावर रात्री, आम्ही गाडीत असताना, ड्रायव्हरला डिझेलसाठी 3,000. सगळे यूपीआयने, सगळे एका माणसाच्या नावावरच्या बचत खात्यात. कंपनीच्या नावाचं चालू खातं का नाही, हे मी विचारलं होतं. "सर, जीएसटीचं काम चालू आहे," असं उत्तर आलं आणि मी ते मान्य केलं.

मान्य का केलं? कारण सॅक आल्या. 21 ऑगस्टला कुरिअरने चार खोकी घरी आली आणि माझी शंका तिथेच संपली. ज्याला पळायचं आहे तो वस्तू कशाला पाठवेल, असं वाटलं. नंतर कळलं की तशीच सॅक बाजारात हजार-अकराशेला मिळते. कमरेचा पट्टा म्हणजे नुसती नाडी, आत गादी नाही, पाठीला फ्रेम नाही. अकरा किलो घालून चढलो तेव्हा सगळं वजन खांद्यावर आलं आणि मान आखडली. मी म्हटलं, सवय होईल. सॅक घेताना दुकानात तिच्यात दहा किलो भरा, पट्टा कमरेच्या हाडावर बांधा आणि पंधरा मिनिटं उभे राहा. वजन कमरेवर उतरत नसेल तर ती सॅक घेऊ नका, कोणीही काहीही सांगो.

आता त्या क्षणाबद्दल. रोज रात्री तोच आठवतो.

कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं होतं, 'बेदनी बुग्याल, तंबूत दोन रात्री मुक्काम.' पुतण्या वाचत होता. तो म्हणाला, "काका, बुग्यालवर राहायला बंदी आहे ना? कोर्टाची?" बरोबर होतं त्याचं. ऑगस्ट 2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या त्या गवताळ कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली. रूपकुंडचा रस्ता बेदनी बुग्यालवरूनच जातो. तिथे राहता येत नसेल तर वरच्या तळ्यापर्यंतचा ट्रेक होणार कसा? मी पुतण्याला म्हणालो, "तू कधी गेलायस का तिकडे? आयोजक सरांना जास्त कळतं." माझ्या ऑफिसातल्या माणसांसमोर म्हणालो.

तरी मी आयोजकाला विचारलं. उलट आवाजी निरोप आला, "हमारा स्पेशल परमिट है," आणि मागोमाग परमिटचा फोटो. गोल शिक्का, सही, चौघांची नावं, आणि वर जिल्हा उत्तरकाशी. रूपकुंड चमोली जिल्ह्यात आहे. हे मला माहीत होतं. पायथ्याच्या वाण गावापासून तळ्याखालच्या भगवाबासा मुक्कामापर्यंतचा नकाशा मी तेव्हा तोंडपाठ म्हणून दाखवला असता. फोनवर बोटांनी फोटो मोठा केला, 'उत्तरकाशी' वाचलं, आणि वनखात्याचं ऑफिस तिथे असेल अशी स्वतःची समजूत घालून फोटो गटावर टाकला. 'परमिट आलं' असं लिहून टाकला. तिथे थांबलो असतो तर नंतरचे 26,100 आणि 3,000 वाचले असते, आणि परतीचा प्रवासही.

पत्रिकेतली दुसरी गोष्टही तेव्हाच कळायला हवी होती. दोन रात्री बेदनीला, सुमारे 3,350 मीटरवर, आणि पुढची रात्र थेट भगवाबासाला, चार हजार मीटरच्या वर. मधला पत्थर नचौनीचा मुक्काम गाळला होता. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत साधारण पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, हे कुठलाही खरा ट्रेक लीडर सांगतो. कोणाचीही पत्रिका आली की प्रत्येक रात्रीची उंची कागदावर लिहा आणि वजाबाकी करा. ज्याने पत्रिका चोरून जोडली आहे त्याची वजाबाकी चुकते.

5 ऑक्टोबरला पहाटे आम्ही काठगोदामला उतरलो. आयोजकाचा फोन बंद. सात वाजेपर्यंत थंडीत उभे होतो, कारण ऑफिसातल्या दोघांकडे बघायची हिंमत मला होत नव्हती. शेवटी एका टॅक्सीवाल्याने विचारलं कुठे जायचं, आणि ऐकून म्हणाला, "भैया, ऊपर तो बंद है, आप लोगों को किसने भेजा?" त्याने चहा पाजला. पैसे घेतले नाहीत.

तिथूनच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. हे मात्र लगेच करा, पहिल्या तासात करा. त्या खात्यात 1,140 रुपये उरले होते, ते गोठवले गेले. बाकी रक्कम आधीच दुसऱ्या खात्यांत गेली होती. ते 1,140 सोडवायलाही मला कोर्टाचा आदेश आणायला सांगितलंय.

घरी आल्यावर पोलीस ठाणं. पहिल्या दिवशी 'साहेब बंदोबस्ताला गेलेत'. दुसऱ्या दिवशी 'हा व्यवहार आहे, दिवाणी दावा करा'. तिसऱ्या दिवशी 'गुन्हा उत्तराखंडात घडला, तिकडे जा'. मी म्हटलं, पैसे माझ्या घरातून गेले, माझ्या बँकेतून गेले. आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये स्पष्ट आहे की हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. कलमाची छापील प्रत नेली होती. हवालदाराने ती न वाचता परत दिली आणि म्हणाला, "काका, एवढं वाचता तर पैसे कसे पाठवले?" मागच्या बाकावरचे लोक हसले. मी छप्पन्न वर्षांचा आहे. माझ्या हातात अर्ज होता, स्क्रीनशॉट होते, सहा व्यवहारांचे क्रमांक होते, आणि त्या खोलीत चोर मीच होतो.

बँकेने दोन ओळींचं पत्र दिलं. व्यवहार ग्राहकाने स्वतः पिन टाकून केला, सबब बँक जबाबदार नाही. ज्या बँकेत त्याचं खातं उघडलं गेलं तिथे कोणी त्याची कागदपत्रं तपासली होती का, याचं उत्तर कोणीच देत नाही. चार वेळा पत्र लिहिलं. ते म्हणतात पोलिसांनी विचारलं तर सांगू. पोलीस म्हणतात बँकेला पत्र पाठवलंय. डिसेंबर गेला.

आणखी एक. परमिटसाठी म्हणून चौघांच्या आधारच्या प्रती त्याच्याकडे गेल्या आहेत. तुम्ही कोणालाही प्रत देणार असाल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार काढून द्या. आम्ही आता बायोमेट्रिक लॉक करून बसलोय. आयोजकाला उत्तराखंड पर्यटन मंडळाचा नोंदणी क्रमांक विचारा आणि तो मंडळाकडेच तपासा, त्याने पाठवलेल्या फोटोत नाही. भाड्याच्या स्लीपिंग बॅगवर नुसतं 'उणे 15' लिहिलेलं असेल तर विश्वास ठेवू नका. चांगल्या बॅगेवर कम्फर्ट (आरामात झोप लागते ते) आणि लिमिट (जेमतेम निभावतं ते) ही दोन तापमानं वेगळी छापलेली असतात, आणि आपण कम्फर्टचा आकडा धरायचा.

ऑफिसातल्या दोघांना मी प्रत्येकी 23,025 परत दिले. ते नको म्हणत होते. घ्यायला लावले. पुतण्याने घेतले नाहीत, आणि बंदीचा विषय त्याने एकदाही काढलेला नाही.

आता ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. त्याचे आवाजी निरोप, खाते क्रमांक, तो परमिटचा फोटो, सगळं माझ्याकडे जपून आहे. 'स्पेशल परमिट' आणि उत्तरकाशीचा शिक्का असलेला असाच कागद तुम्हालाही आला असेल, तर लाज बाजूला ठेवून आपापल्या ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. माझी एकट्याची फाइल त्यांनी कपाटात ठेवली आहे. दहा जणांच्या ठेवता येणार नाहीत.