नुसता लॅपटॉप, स्टँडवरचा लॅपटॉप की डेस्कटॉप?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीचे हिशेब असोत, निपाणीतलं ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान असो की खानापुरातल्या घरातून चालणारी पुण्याची नोकरी, दिवसाचे सात-आठ तास स्क्रीनपुढे जाणार असतील तर काय घ्यायचं ते शरीराकडे बघून ठरवा.

नुसता लॅपटॉप दिवसाला तासभर ठीक. त्यात स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात. हात सोयीचे ठेवले की मान वाकते, स्क्रीन उचलली की खांदे वर चढतात. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो असतं, आणि वाकल्यावर ते मानेच्या मागच्या स्नायूंना धरून ठेवावं लागतं. संध्याकाळी मान अवघडते ती यामुळेच.

आहे त्याच लॅपटॉपला स्टँड, वेगळा कीबोर्ड आणि माऊस जोडणं, हा आमच्या मते बहुतेकांसाठी योग्य मार्ग. ताठ बसा, टेबलापासून डोळ्यांपर्यंतची उंची मोजा आणि त्यातून उघड्या लॅपटॉपची उंची वजा करा. समजा ४२ मधून २२ गेले, तर स्टँड २० सेंटीमीटरचा हवा. कमी पडला तर खाली जाड पुस्तकं ठेवा, फक्त तो डगमगू देऊ नका. दुहेरी भिंगाचा चष्मा असेल तर स्क्रीन चार-पाच सेंटीमीटर खालीच ठेवा, नाहीतर हनुवटी वर करून वाचावं लागतं. कीबोर्ड कोपराच्या उंचीला हवा. ७५ सेंटीमीटरचं टेबल बुटक्या माणसाला उंच पडतं. मग खुर्ची वर घ्या आणि पायाखाली पाट ठेवा.

डेस्कटॉपवर अक्षरं मोठी दिसतात, स्क्रीन हातभर लांब ठेवता येते. दिवसभर टायपिंग असेल तर हाच उत्तम. पण लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, डेस्कटॉपला यूपीएस लागतो, आणि साधा यूपीएस काम सेव्ह करून बंद करण्यापुरताच वेळ देतो. पावसाळ्यात खानापूर भागात भिंतींना ओल धरते, म्हणून तीन पिनी प्लगची अर्थिंगची पिन कापू नका, अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या.

डोळ्यांचा त्रास मात्र तिन्हींत सारखाच, कारण स्क्रीन बघताना पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात. दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद बघा. पंख्याचा झोत तोंडावर नको. खिडकी बाजूला असावी, समोर किंवा पाठीमागे नको. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्याने डोळ्यांचा ताण बहुधा कमी होत नाही, असं वैद्यकीय संशोधनं एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात दिसलं. ते पैसे कीबोर्डला लावा. उताऱ्यावरून टाइप करणाऱ्यांनी कागद स्क्रीनशेजारी त्याच उंचीला उभा करावा. तो टेबलावर आडवा राहिला तर स्टँडचा फायदा निम्माच.

अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होऊन रात्री जाग येत असेल, तर खरेदीआधी डॉक्टरांना दाखवा. मनगटात नस दबत असण्याची शक्यता असते.