सह्याद्रीतल्या ट्रेकसाठी सॅक: मोठ्यांची कशी, मुलांची कशी

पोरांना घेऊन राजमाची किंवा कळसूबाई करायचं ठरलं की सॅकचा विषय निघतोच. दुकानात मुलांची सॅक मोठ्यांच्या सॅकचं छोटं, रंगीत रूप वाटते. पण दोन्ही निवडताना बघायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. मोठ्यांच्या सॅकला ओझं नीट पेलता आलं पाहिजे, मुलांच्या सॅकने मुळात ओझं वाढूच देता कामा नये.

आधी आकार. एका दिवसाच्या ट्रेकला मोठ्यांना २० ते ३० लिटर पुरते. गडावर मुक्काम, स्लीपिंग बॅग आणि शिधा असेल तर ४५ ते ५५. मुलांना सहा-सात वर्षांपर्यंत ८-१० लिटर, पुढे बारापर्यंत १२ ते १८. कपडे वाढत्या अंगाचे घ्यायची आपली सवय सॅकच्या बाबतीत मोडा. मोठी सॅक रिकामी राहत नाही, कोणीतरी त्यात आणखी एक स्वेटर कोंबतंच. शिवाय पाठीपेक्षा लांब सॅक उतारावर मागून आपटत राहते आणि पोराचा तोल जातो.

वजनाचं गणित तर सरळ आहे. २०२० च्या शालेय दप्तर धोरणाने दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंतच ठेवायला सांगितलंय. ट्रेकलाही तेवढंच धरावं. २५ किलोच्या मुलाला अडीच किलो: एक लिटर पाणी, डबा, जर्किन, की झालं! म्हणून मुलांची रिकामी सॅक अर्धा किलोच्या आत हवी. मोठ्यांची ५० लिटरची सॅक रिकामीच दीड-दोन किलो भरते, पण ते चालतं, कारण आतली फ्रेम आणि जाड कंबरपट्टा बराचसा भार खांद्यांवरून कमरेवर नेतात.

हे साधतं ते माप जुळलं तरच, आणि मोठ्यांची सॅक घेताना सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. मान खाली घातल्यावर मानेच्या तळाशी जे हाड वर येतं, तिथून टेप धरा. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवा, अंगठे मागे. दोन अंगठ्यांना जोडणाऱ्या रेषेपर्यंतचं अंतर म्हणजे पाठीची लांबी. उंचीवरून सॅक घेऊ नका, सारख्या उंचीच्या दोघांच्या पाठी वेगळ्या असतात. दुकानात सहा-सात किलो सामान भरायला लावा. सगळे पट्टे सैल करा, आधी कंबरपट्टा हाडावर आवळा, मग खांद्याचे पट्टे, शेवटी छातीचा. खांदे तरीही दुखत असतील तर ती सॅक परत ठेवा.

लहान मुलांना कंबरपट्ट्याचा एवढा उपयोग नाही, सॅक हलू नये इतपत साधी पट्टी पुरे. त्यांना छातीचा पट्टा मात्र हवाच, कारण अरुंद खांद्यांवरून पट्टे घसरतात. बऱ्याच सॅकमध्ये त्याच बकलला शिट्टी असते. चुकलास तर आहेस तिथेच थांब आणि शिट्टी वाजव, हे घरीच शिकवा. बकल आणि चेन पोराला स्वतःला उघडता येते का, सॅक न काढता बाटली हाताशी येते का, हेही दुकानातच बघा.

पाठीमागे ताणलेली जाळी असली की मोठ्यांना घाम कमी येतो, पण ओझं पाठीपासून थोडं दूर जातं. कळसूबाईच्या शिड्यांवर किंवा कातळटप्प्यावर ते मागे ओढतं. मुलांना साधा फोमच बरा.

पावसाळी ट्रेकला रेनकव्हर दोघांनाही घ्या, पण त्याच्यावर विसंबू नका. पाणी पाठीच्या बाजूने आत उतरतं. कपडे आत जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले असावेत.

बारा-तेरा वर्षांच्या मुलांचा प्रश्न अवघड. मुलांची सॅक आखूड पडते, मोठ्यांची लोंबते. अशा वेळी बायकांसाठीच्या छोट्या मापाच्या २०-२२ लिटरच्या सॅक बघा, मुलगा असला तरी. त्यांची पाठ आखूड आणि खांद्याचे पट्टे जवळजवळ असतात. पाठीची लांबी बदलता येणारी मिळाली तर थोडे जास्त पैसे गेले तरी तीच घ्या, पुढची काही वर्षं निघतात.