कळ नसलेली शेगडी

गॅसचे सिलिंडर ऐन वेळी संपल्यावर पंचाईत होऊ नये, एवढ्याच हेतूने आठ महिन्यांपूर्वी आम्ही २००० वॅटची इंडक्शन शेगडी घेतली. कंपनी नावाजलेली आहे. तिचे नाव मुद्दामच देत नाही, कारण त्यानंतर दुकानांत आणि नातेवाइकांच्या ओट्यांवर पाहिलेल्या बहुतेक शेगड्यांत हेच दोष थोड्याफार फरकाने आढळले.

तापवण्याच्या कामाबद्दल माझी फारशी तक्रार नाही. काचेखालच्या तांब्याच्या वेटोळ्यातून उच्च वारंवारतेचा प्रवाह वाहतो, त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे पातेल्याच्या बुडातच प्रवाह निर्माण होतात आणि बूड स्वतःच तापते. एक लिटर पाण्याला साडेतीन-चार मिनिटांत उकळी फुटते. त्यासाठी बुडाला लोहचुंबक चिकटला पाहिजे, त्यामुळे आमची ॲल्युमिनियमची आणि पितळेची भांडी बाजूला पडली; परंतु तो पदार्थविज्ञानाचा नियम आहे, कंपनीचा अपराध नव्हे. भाकरी थेट आचेवर फुगवता येत नाही, हेही तसेच.

अपराध सुरू होतो तो कळफलकापाशी. शेगडीवर दाबता येईल अशी एकही कळ नाही. गुळगुळीत काचेवर चित्रे छापलेली आहेत आणि बोटाच्या स्पर्शाने बदलणारी विद्युतधारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, ओळखून आतले यंत्र हुकूम पाळते. पाण्याच्या थेंबानेही ती बदलते, आणि स्वयंपाकघरात हात कोरडे असण्याचे प्रसंग किती येतात? कणीक तिंबलेला, भाजी धुतलेला किंवा नुसता वाफेवर धरलेला हात लावला, की यंत्र एक तर काहीच ऐकत नाही किंवा भलतेच ऐकते. कळफलक काचेच्या त्याच पत्र्यावर, पातेल्यापासून जेमतेम चार बोटांवर आहे. दूध उतू गेले की ते थेट त्याच्यावर येते, आणि आच कमी करण्याची नेमकी निकड असते त्याच क्षणी आच कमी करता येत नाही. अशा वेळी मी पातेलेच उचलते.

सुरू करण्याचा विधीही लांबचलक आहे. आधी चालू करायचे, मग ‘इडली’, ‘डोसा’, ‘करी’, ‘दूध’ यांपैकी एक निवडायचे, मग वॅट कमी-जास्त करायचे. प्रत्येक स्पर्शाला कर्कश शिट्टी वाजते आणि ती बंद करण्याची सोय नाही. सकाळी साडेपाचला चहा करणाऱ्याने सगळे घर जागे करावे, अशी योजना असावी. ‘दूध’ या पर्यायाला पातेल्यात पाव लिटर आहे की दीड लिटर, याचा पत्ता नसतो, कारण तापमान मोजणारा संवेदक काचेखाली असतो आणि दुधापेक्षा काचेचीच खबर ठेवतो.

मंद आचेची गोष्ट मात्र शुद्ध फसवणुकीची वाटते. पडद्यावर ३०० वॅट दिसतात. प्रत्यक्षात अशा स्वस्त यंत्रांतील विद्युतमंडल इतक्या कमी शक्तीवर सलग चालू शकत नाही, म्हणून ते काही सेकंद मोठी आच देते, मग काही सेकंद पूर्ण बंद राहते, आणि त्या दोहोंची सरासरी आकड्यात दाखवते. पाणी उकळताना याने काही बिघडत नाही. पण बासुंदी आटवताना क्षणभर खळखळाट, क्षणभर शुकशुकाट असे चालते आणि पातळ बुडाच्या पातेल्यात ती तळाला लागतेच. साखरेच्या पाकाचा प्रयोग मी दोनदा केला आणि सोडून दिला.

आता बंद करण्याविषयी. काम झाले की भिंतीवरचे बटण बंद करायचे, ही आपल्या घराघरांतील सवय आहे. येथे तसे केले, की आतले वेटोळे थंड करणारा पंखाही बंद पडतो. तो थांबेपर्यंत वीज चालू ठेवावी, ही सूचना माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरांत आहे, शेगडीवर कोठेही नाही. तसेच २००० वॅटला २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर लागतात, म्हणून तिला १६ अँपिअरचा मोठा प्लग आहे. आमच्या ओट्यालगत तसे सॉकेट एकच होते आणि ते फ्रिजकडे गेलेले होते. नवे बसवून घेण्याचा खर्च खोक्यावरच्या किमतीत अर्थातच धरलेला नव्हता.

सासूबाईंची दृष्टी काचबिंदूमुळे अधू झाली आहे. गॅसची शेगडी त्या आजही खटका मोजून आणि ज्योतीच्या आवाजावरून बिनचूक वापरतात. या सपाट काचेवर चाचपडायला काहीच नाही, म्हणून मी बंद करण्याच्या चित्रावर एक टिकली चिकटवली. टिकलीमधून स्पर्श पोहोचतो. मात्र ती शोधत फिरणारे बोट वाटेत दुसऱ्याच चित्राला लागते, शिट्टी वाजते आणि ‘डोसा’ सुरू होतो. ‘हिला हात लावायची चोरी,’ असे म्हणून त्यांनी शेगडीचा नाद सोडला.

फिरवायची मूठ असलेल्या इंडक्शन शेगड्याही बाजारात मिळतात. दुकानात मी त्या पाहिल्या होत्या आणि जुनाट दिसतात म्हणून नाकारल्या होत्या, हे कबूल केले पाहिजे. पाणी तापवणे आणि कुकर लावणे एवढेच काम असेल, तर आमच्यासारखी शेगडी घेण्यास हरकत नाही. रोजचा स्वयंपाक करायचा असेल, तर मूठवालीच मागा आणि दुकानातच हात ओला करून ती फिरवून पाहा.