वेळासला पोरांना घेऊन जाताय तर दोन रात्री राहा

मार्चमध्ये मी, ताई आणि आमची तीन पोरं समुद्री कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला वेळासला जाऊन आलो, मंडणगड तालुक्यातलं, बाणकोटजवळचं. राहणं-जेवण गावातल्याच एका घरी होतं, ओटीवर गाद्या टाकून झोपायचं, अंगणात पंगत, काकूंचे उकडीचे मोदक एक नंबर. पण खरं सांगायचंय ते किनाऱ्यावरचं.

पहिल्या संध्याकाळी सुरूच्या बनातून चालत गेलो, सगळे दोरीमागे उभे, कासवमित्र दादाने, म्हणजे कासवांची घरटी राखणाऱ्याने, घरट्यावरची टोपली उचलली आणि खाली नुसती वाळू. एकही पिल्लू नाही. आमचा धाकटा रडायलाच लागला आणि दोन-तीन फॅमिली चिडून तिथूनच परत फिरल्या. दादा मात्र तिथेच वाळूत बसला, पोरांना जवळ बोलावलं आणि अर्धा तास बोलत राहिला. एका घरट्यात शंभरेक अंडी, पिल्लं निघायला ४५ ते ६० दिवस, वाळू जास्त तापली की माद्या जास्त. पूर्वी लोक अंडी उकरून न्यायचे, मग २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावाला सोबत घेऊन घरटी राखायचं हे काम सुरू केलं, तेही त्याने काही न लपवता सांगितलं. कासवं मासेमारीच्या जाळ्यात कशी अडकतात ते कळावं म्हणून फाटक्या नायलॉन जाळ्याचा तुकडा भाचीच्या मनगटाला गुंडाळला आणि म्हणाला आता हात सोडवून दाखव. तिला नाही जमलं.

ओडिशात २०२१ ला टॅग लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली, हे सांगताना त्याने वाळूत बोटाने भारताचा भला मोठा नकाशा काढला आणि पोरांना त्याच्या कडेकडेने ओडिशापासून गुहागरपर्यंत चालायला लावलं. शाळेत समुद्रावरचा धडा झालाय त्यांचा, पण त्यातलं एक वाक्य आठवत नाही आणि हा नकाशा अजून घरी फरशीवर खडूने काढतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपलीखाली तेवीस पिल्लं! पाण्यापासून थोडं लांब सोडतात, पुढे त्यांचं त्यांनीच चालायचं. एक पिल्लू लाटेने दोनदा उलटं पडलं, आमची तिन्ही पोरं श्वास रोखून बघत होती, कोणी हूं की चूं नाही.

तक्रार एकच, गर्दी. आम्ही शनिवारी होतो, एका टूरवाल्यांनी बसभर माणसं आणली होती आणि त्यांना आधी काहीच सांगितलेलं नव्हतं, दोरीवरून हात घालून पिल्लांवर फ्लॅश मारत होते, दादा बिचारा ओरडून थकला. दुसरं म्हणजे त्याचं ते बोलणं आम्हाला मिळालं ते केवळ पिल्लं निघाली नाहीत म्हणून, सकाळी एवढ्या गर्दीत त्याला एक मिनिट मिळालं नाही. मला मनापासून वाटतं की टोपली उचलायच्या आधी रोज फक्त पोरांसाठी वीस मिनिटं ठेवावीत, त्याचे वेगळे पैसे घेतले तरी चालतील, मी आनंदाने देईन.

जमलं तर मधल्या वारी जा. कॅश जवळ ठेवा, नेटवर्कच्या भरवशावर राहू नका, आणि पिल्लं दिसली नाहीत तर लगेच उठून परत फिरू नका, दादाजवळ जाऊन बसा.