रॅले ट्वेंटीच्या चौकटीला चाके ४५१ ची की ४०६ ची?

रॅले ट्वेंटी या छोट्या चाकांच्या ब्रिटिश सायकलची जुनी चौकट घरी नव्याने उभी करायला घेतली की पहिला निर्णय चाकांचा असतो. ब्रिटिश बनावटीच्या बहुतेक ट्वेंटींच्या चाकांचे मूळ माप, म्हणजे टायर जिथे बसतो तिथला रिमचा व्यास, ४५१ मिमी आहे. त्याच मापाची अ‍ॅल्युमिनियमची रिम बसवली, तर ब्रेकचे रबर जागच्या जागी टेकतात आणि पोलादी रिमवर पावसात दगा देणारा ब्रेक लगेच सुधारतो. अडचण एकच, पण मोठी आहे: या मापाचे टायर मोजकेच मिळतात.

४०६ मिमी हे बीएमएक्सचे, म्हणजे कसरतीच्या छोट्या सायकलींचे, माप असल्याने तिथे टायरना तोटा नाही. मात्र रिम २२.५ मिमी आत सरकते, म्हणून लांब पोहोचीचे ब्रेक लागतात; ते घेण्यापूर्वी ब्रेकच्या बोल्टपासून रिमपर्यंतचे अंतर पट्टीने नीट मोजावे, कारण रबर दोन मिलिमीटर जरी वर राहिले, तरी ते टायरची बाजू खात जाते. शिवाय ३७ मिमीऐवजी ४७ मिमी रुंदीचा टायर घालूनही सायकल सुमारे १२ मिमी खाली बसते आणि वळणावर पायडल जमिनीला लागण्याचा धोका वाढतो.

चौकटीचे मूळ रूप मला मोलाचे वाटते, त्यामुळे मी ४५१ च निवडेन. खडबडीत रस्त्यावर रोजची ये-जा असेल आणि त्यासाठी रुंद टायर हवे असतील, तरच ४०६ चा खटाटोप करावा.